सर्दी झालेलं मूल आधी

प्रिय टाचणी,

रविवारी फोनवर तू तीन गोष्टी बोललीस. मी एकीलाही उत्तर दिलं नाही, 'बरं, बघू' म्हणून फोन ठेवला, आणि तुला वाटलं असेल की बाबांना बोलायला तोंड उरलं नाही. तसं नाही. मला फोनवर नीट बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. फोनवर माणूस समोरच्याच्या घाईनं बोलतो. कागदावर आपल्या घाईनं लिहिता येतं, चुकलं तर खोडता येतं, आणि मधेच कुणी 'आवाज येतोय का' असं विचारत नाही. तेव्हा पत्र. लांबेल. बाळ झोपलं असताना वाच नाहीतर तिला मांडीवर घेऊन वाच, पण अर्धं सोडू नकोस.

तर तुझ्या तीन गोष्टी. पहिली, आत्याला लहानपणी पोलिओचे थेंब दिले होते, आणि तरी तिचा पाय गेला. दुसरी, आम्ही सगळ्यांनी तुला जन्मभर सांगितलं की आत्याच्या वेळी थेंब नव्हतेच. तिसरी, म्हणजे थेंबांचा काही उपयोग होत नाही, आणि म्हणून तू बाळाला पुढच्या डोसाला नेणार नाहीस. पहिल्या दोन खऱ्या आहेत. तिसरी साफ चूक आहे. पण पहिल्या दोन नीट उलगडल्याशिवाय तिसरी चूक का, ते तुला पटायचं नाही. तू मला ओळखतेस, मी शिलाई मधूनच उसवत नाही, टोकापासून उसवतो.

आधी बाळाबद्दल, कारण तेवढं राहिलं तर पत्राला काय अर्थ. दवाखान्यात मी तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा माझ्या हातांनी जे केलं ते तू पाहिलंस आणि रागावलीस. मी तिचे दोन्ही पाय सरळ करून टाचा एकमेकींशी जुळवल्या, अंगठ्यानं पोटऱ्या चाचपल्या, आणि तळवा हलकेच वर ढकलून ती उलट ढकलते का ते बघितलं. तू म्हणालीस, 'बाबा, माझी मुलगी गिऱ्हाईक नाही.' दुसऱ्या आजोबांनी नाक कुणासारखं आणि कान कुणासारखे ते बघितलं असतं. माझ्या हातांना मूल उचलायची एवढी एकच रीत माहीत आहे, त्याला मी काय करू? मी खोड शोधत नव्हतो. उलट तिनं असं काही जोरात ढकललं की मला तिथं उभं राहवेना, म्हणून मी उगाचच बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो. पाय उत्तम आहेत. डाव्या पायाचा अंगठा जरा बाहेर वळलेला आहे, पण तो दोष नव्हे, तुझ्या आईकडचं वळण आहे ते. तुझाही तसाच होता. तू वेळेआधी आलीस, काडीसारखी, आणि रडायला लागलीस की टोचायचीस, म्हणून आत्यानं तुझं नाव टाचणी ठेवलं. तुझी लेक त्या मानानं भरलेली उशी आहे.

आता इकडची खबर. दुकान चालू आहे, पण तू लहानपणी पाहिलंस तसं नाही. हल्ली मधुमेहाच्या लोकांचे मऊ तळाचे बूट, सपाट पावलांसाठी आतल्या गाद्या, आणि शाळा उघडायच्या सुमारास दप्तरांचे पट्टे. जुनी गिऱ्हाइकं येतात, पोलिओनं लुळ्या पडलेल्या पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा पट्टा बदलून घेतात, गुडघ्याच्या कडीत तेल घालून घेतात, आणि गप्पा मारून जातात. सगळी माझ्या वयाची नाहीतर थोडी मागची-पुढची. पण लहान मुलाचं कॅलिपर करायला कुणी आलं, याला आता कितीतरी वर्षं झाली. लहान पावलांचे लाकडी फर्मे, ज्यांच्यावर बूट चढवतात ते, आत्यानं दारं आपटू नयेत म्हणून फटीत घालायला नेलेत. परवा एकजण मला म्हणाला, तुझा धंदा बसला की रे. मी म्हणालो, बसला नाही, आम्ही सगळ्यांनी मिळून बसवला. तो हसला. मी हसलो नाही, कारण मी गंमत करत नव्हतो. मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, कुठलं प्रमाणपत्र भिंतीवर लावलं नाही, आणि माझ्या हातचं कॅलिपर कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या कॅलिपरशेजारी ठेवून बघ. तरीही सांगतो, आपलं काम कुणाला लागू नये यासारखं सुख नाही. आणि हा धंदा बसवायचं काम आमच्यात सगळ्यात जास्त कुणी केलं असेल, तर तुझ्या आजीनं.

तुला डोसआजी आठवते. गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव, आणि ती त्यावर चिडायची नाही. कुणाच्या घरी पाळणा हलला की आजी तिथं हजर. बाळाला बघायच्या आधी बाळाच्या आईला विचारायची, कितवा झाला? नव्या सुनांना वाटायचं, म्हातारी कितवं मूल ते विचारते आहे. मग घरच्या मोठ्या बायका सांगायच्या, अगं डोस विचारतायत त्या. डोसाच्या दिवशी आजी सकाळपासून पायऱ्या चढायची-उतरायची, झोपलेल्यांना उठवायची, एकीचं मूल कडेवर आणि दुसरीच्या मुलाचं बोट धरून केंद्रावर जायची. तू तिच्याबरोबर जायचीस. तुला रांगेत तिचा तो एक विचित्र नियमही आठवत असेल. ती ओळीनं पोरांची नाकं बघत यायची, आणि ज्याचं नाक वाहतंय त्याला पुढे काढायची. 'सर्दी झालेलं मूल आधी,' असं म्हणून त्या आईला हाताला धरून थेट टेबलापाशी उभं करायची. रांगेतल्या बायका भांडायच्या, की हा कुठला न्याय. नर्सबाई म्हणायच्या, आजी, सर्दीच्या मुलाला घाई नसते हो. आजी ऐकायची नाही. ते मूल तोंड पुसून बाहेर पडलं की मगच ती खुर्चीवर बसायची. आम्ही घरात याची चेष्टा करायचो. मीही करायचो, फार आधी, जेव्हा मला माहीत नव्हतं.

मला कळलं त्या दिवसाची गोष्ट सांगतो. मी तेव्हा सायकलीच्या दुकानात होतो. आत्याला जे कॅलिपर मिळालं होतं ते कुणाच्या तरी अंदाजानं केलेलं, जड, मांडीशी घासणारं. एका दुपारी मी ते सगळं सुटं केलं. आत्या संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिली आणि मला शिव्या देत राहिली, म्हणाली, पाय तर देवानं नेला, कुबडी भावानं नेली. पुढे कित्येक दुपारी मी तेच केलं. चाकाच्या दुकानात हलकं आणि मजबूत यांचं गणित रोज हाताखालून जातं, तेच मी पायाला लावलं. अखेर माझं पहिलं कॅलिपर तयार झालं आणि ते आत्याच्या पायात घालून आजी, आत्या आणि मी मोठ्या दवाखान्यात गेलो, दाखवायला. तिथल्या डॉक्टरबाईंनी आत्याला चालायला लावलं, बसायला लावलं, जिना चढायला लावलं, आणि मला विचारलं, कुठं शिकलास. मी म्हणालो, सायकलीच्या दुकानात. त्या मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, मग माझ्याकडची आणखी चार मुलं तुझ्याकडे पाठवते. आपल्या दुकानाचा जन्म हा असा झाला, हे तुला मी शंभरदा सांगितलंय. पण त्याच खोलीत पुढे जे झालं ते एकदाही सांगितलं नाही.

डॉक्टरबाई नवा कागद भरत होत्या. ताप कितव्या वर्षी आला, किती दिवस राहिला, आधी कुठला पाय गेला, असं विचारत विचारत त्यांनी आजीकडे बघून विचारलं, हिला थेंब दिले होते का? अगदी साधा प्रश्न. त्यांना लिहायचं होतं, एवढंच. आजीच्या हातात आत्याचा जुना बूट होता, त्याची नाडी ती बोटाला गुंडाळत राहिली, इतकी की बोटाचं टोक पांढरं पडलं. आणि आत्या, जी तिकडे तोंड करून आरशात आपली चाल बघत होती, ती वळलीही नाही. तिथूनच म्हणाली, 'तेव्हा आमच्याकडे थेंब नव्हतेच, डॉक्टर.'

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं. आजीनं नाडी सोडली. त्या दिवसापासून आपल्या घरात तेच खरं झालं. शेजाऱ्यांना तेच सांगितलं, तुझ्या आईला तेच सांगितलं, तुला तेच सांगितलं. मी रात्र होईपर्यंतही थांबलो नाही, त्याच संध्याकाळी आत्याला सायकलीच्या दुकानामागे गाठलं आणि विचारलं की हे काय होतं. तिनं सांगितलं, आणि बजावलं की आईच्या देखत कधी काढलंस तर तुझं हे नवं कॅलिपर तुझ्याच डोक्यात घालीन. आत्याची धमकी पोकळ नसते.

तर खरं ते असं. आत्या जन्मली तेव्हा आजी आणि मामी, म्हणजे माझ्या मामाची बायको, एकाच घरात राहायच्या. दोघींची मुलं काही दिवसांच्या अंतरानं झालेली. थेंबांची पहिली खेप आली तेव्हा दोघी बरोबर रांगेत उभ्या राहिल्या आणि दोन्ही मुलांना डोस मिळाला. मामी तुझ्या घरी बाळाला बघायला आली तेव्हा तिनं तुला हे सांगितलं, आणि यात तिचं एक अक्षर खोटं नाही. पण मामीनं तुला अर्धीच रांग सांगितली. दुसऱ्या खेपेलाही दोघी गेल्या होत्या. आत्याला सर्दी होती. नाक वाहत होतं, बाकी पोर खेळत होतं. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, अगं सर्दीत औषध कशाला पाजतेस, आणि एक झालाय ना? आजीला ते पटलं. ती मागे वळली. मामी रांगेत राहिली. तिसऱ्या खेपेला आजीची कारखान्यात पाळी होती, रजा मागायची तर मुकादमाच्या तोंडाला लागायचं, आणि पोर तर बाळसेदार दिसत होतं. मग ते राहूनच गेलं. पुढच्या उन्हाळ्यात ताप आला. बाकीचं तू आत्याच्या उजव्या पायावर पाहिलेलं आहेस.

आत्याला हे कसं कळलं? ती चौदा-पंधरा वर्षांची असताना आजी आणि मामीचं नळावरून भांडण झालं, आणि मामीच्या तोंडून निघून गेलं, की मी माझ्या पोराला सगळे डोस पाजले, तुझ्यासारखी नाकाला घाबरून परत नाही फिरले. आत्या दारातच उभी होती. त्यानंतर मामी आणि आजी दोन वर्षं बोलत नव्हत्या. आज मामीला ते भांडण आठवत नसेल, किंवा आठवूनही गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं नसेल. मी दुसरं धरून चालतो. म्हातारी वाईट नाही.

आत्या आणि आजी यांच्यात यावर एक शब्दही झाला नाही. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या सकाळपासून आजी आत्याचे बूट स्वतः पुसू लागली. आत्याला तिच्या बुटाला कुणी हात लावलेला खपत नाही, मलासुद्धा कामापुरताच लावू देते. पण आजीला तिनं पुसू दिले, आजीचे हात थरथरायला लागेपर्यंत. दोघी रोज सकाळी दारात बसायच्या, एक पुसायची, एक पाय पुढे करायची, आणि बोलायच्या भलतंच काहीतरी, दूध नासलं, शेजारणीचा नवरा घोरतो. मी दुकान उघडता उघडता ऐकायचो. तेव्हापासून मी डोसआजीची चेष्टा बंद केली.

आता तुझी तिसरी गोष्ट. एक डोस दिला होता आणि तरी झालं, मग उपयोग काय. मीही हाच प्रश्न त्या डॉक्टरबाईंना एकदा विचारला होता, आडून, एका गिऱ्हाइकाचं नाव करून. त्यांनी मला बसवून समजावलं. पोटात गेलेले थेंब शरीराला त्या विषाणूची ओळख करून देतात, पण काही मुलांच्या पोटात पहिली ओळख नीट बसत नाही. कुणात बसते, कुणात अर्धी बसते, आणि कुणात बसली ते वरून दिसत नाही. म्हणून थांबून थांबून पुन्हा द्यायचं. जन्मल्यावर लगेच देतात त्याला तर शून्याचा डोस म्हणतात, म्हणजे मोजणी त्याच्या पुढून सुरू. मी म्हणालो, बाई, म्हणजे सोल्युशनसारखं. त्यांना कळेना, तेव्हा मी सांगितलं. तुलाही सांगतो. तळाला चामडं चिकटवायचं तर सोल्युशनचा पहिला हात चामडंच पिऊन टाकतं. वरून वाळलेलं, छान दिसतं. नवशिका तेवढ्यावरच चिकटवतो आणि महिन्याभरात टाच उघडते. पहिला हात पिऊ द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा द्यायचा, तोही वाळू द्यायचा. घाई करून ओल्यावर ओलं दिलं तर दोन्ही वाया. पण नीट थांबून दिलेले हात एकदा बसले, की बूट फाटेल, चिकटवलेला जोड सुटणार नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, अगदी असंच, फक्त मी हे बुटाबद्दल कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा पहिला हात वाया गेला म्हणून सोल्युशन खोटं ठरत नाही. दुसरा हात दिलाच नाही, एवढंच ठरतं. आता त्या थेंबांबरोबर सुईसुद्धा देतात, तो आणखी एक पक्का हात. एक गोष्ट मात्र सरळ सांगतो: आपल्याकडे तो आजार दिसत नाही म्हणून तो जगातून गेलेला नाही. कुठं ना कुठं आहे, आणि माणसं प्रवास करतात.

तू चिडलीस ते बरोबर आहे. खोटं सांगितलं गेलं, आणि ज्याच्यावर तू विश्वास ठेवून मोठी झालीस त्या घरात सांगितलं गेलं. ते खोटं एका आईला जगू देण्यासाठी होतं. तेवढ्यापुरतं ते चांगलं होतं, असं मी अजूनही म्हणेन. पण त्याच खोट्याचा अर्धा तुकडा आता तुझ्या हाती आलाय आणि तू त्यावरून बाळाचा डोस लांबवते आहेस, आणि जावईबापू कालच मला म्हणाले की त्याच्याआधीची खेपही तू चुकवलीस, बाळाला सर्दी होती म्हणून. टाचणी, तू हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मग पुढे वाच. साध्या सर्दीत डोस देतात की नाही ते तुझ्या डॉक्टरांना विचार, माझं ऐकू नकोस. पण विचारायला तरी जा.

आता शेवटचं. आत्या अचानक कशी आली, असं तू दारातच विचारलं असशील आणि ती म्हणाली असेल, बाळाला बघायला. खरं आहे, पण निम्मं. रविवारी तुझा फोन आला तेव्हा तिनं सगळं ऐकलं होतं. सोमवारी चहा पुढ्यात ठेवून म्हणाली, 'तिला सगळं सांग. आईचं नाव घेऊन सांग. आई असती तर तिनंच सांगितलं असतं.' मी म्हणालो, तुझंच आहे, तूच सांग. ती म्हणाली, 'माझ्या तोंडून निघायचं नाही रे, इतकी वर्षं दाबून धरलंय. तू लिही, मी नेऊन देते.' मी बरोबर येतो म्हणालो तर म्हणे, तू आलास की तूच बोलत बसशील. म्हणून हे पत्र पोस्टानं आलं नाही. ज्या बाईनं आईसाठी तो एक शब्द आयुष्यभर गिळला, तिनं तो तुझ्या लेकीसाठी बाहेर काढला, आणि एकटीनं बसचा प्रवास करून तुझ्या हातात आणून ठेवला. तू हे वाचते आहेस तेव्हा ती समोर बसली असेल, खिडकीबाहेर फार काही महत्त्वाचं चाललंय असा चेहरा करून. तिला काही विचारू नकोस. माफी मागू नकोस, रडू तर मुळीच नकोस, तिला ते आवडत नाही. कागदाची घडी घाल आणि एवढंच विचार, की आत्या, उद्या केंद्रावर किती वाजता निघायचं. ती लगेच सांगेल. बसमध्ये बसल्यापासून तिनं ते ठरवून ठेवलेलं असणार.

तुझाच, आणि आता तुम्हा दोघींचाही,
बाबा